मेरू पर्वत तीन दिवसांत उरकू नका

तुम्ही लिहिलंय : पुण्यातले चौघं, वयं पंचेचाळीस ते अठ्ठावन्न, सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेले. फेब्रुवारीत टांझानियातला किलीमांजारो करायचाय. टूर ठरवणारे म्हणतात की त्याआधी सराव म्हणून तिथल्याच अरुशा राष्ट्रीय उद्यानातला मेरू पर्वत तीन दिवसांत करून घ्या. तुम्हाला जाणून घ्यायचंय की याची गरज आहे का, झेपेल का, आणि वाटेत प्राणी खरंच दिसतात का.

गरज आहे, झेपेल, आणि प्राणी दिसतात. तेही जीपच्या खिडकीतून नाही, पायी चालताना. पण तीन दिवसांचा बेत आजच मोडा. चार दिवस हवेतच, पाच मिळाले तर फारच छान. मी या भागात बरीच वर्षं गट घेऊन जाते. मेरूवरून हिरमुसून उतरणारी माणसं बहुतेक करून घाईने वर गेलेली असतात. आणि ‘सराव’ हा शब्दही डोक्यातून काढा. ज्या डोंगरावर पहिल्या दोन तासांत जिराफ, रानरेडे आणि कोलोबस माकडं भेटतात, तो डोंगर स्वतःसाठीच चढावा.

आधी डोंगर कसा घडला ते सांगते, कारण त्यावरूनच पुढची वाट आणि तिथलं जनावर दोन्ही कळतात. आपला सह्याद्रीही ज्वालामुखीतूनच आला. पण सह्याद्रीत जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून लाव्हा थरावर थर पसरत गेला. म्हणून आपल्याकडे सपाट माथे, आडव्या कातळपट्ट्या आणि टप्प्याटप्प्याचे कडे. मेरूची घडण वेगळी. एकाच तोंडाभोवती राख, दगड आणि लाव्हा साचत साचत तो ४,५६२ मीटरपर्यंत उंच झाला. मग काही हजार वर्षांपूर्वी त्याची पूर्वेकडची अख्खी बाजू ढासळली आणि तो सगळा राडारोडा खाली मैलोन्मैल पसरला. राहिलं ते पूर्वेला तोंड उघडं असलेलं अर्धवर्तुळाकार विवर. त्याच्या तळापासून शिखरापर्यंतची भिंत सुमारे दीड हजार मीटरची आहे. कोकणकडा पाहिलेला माणूसही इथे मान वर करून बघताना गप्प होतो. विवराच्या आत नंतर राखेचा एक नवा शंकू तयार झालाय, ३,६६७ मीटर उंचीचा. मेरूने शेवटची राख फेकली ती १९१० साली. म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने हा डोंगर जिवंतच आहे, सध्या शांत आहे इतकंच. तो राडारोडा जिथे पसरला तिथे उंचवटे आणि खळगे झाले, खळग्यांत पाणी साचलं, आणि तीच आजची मोमेला तळी. त्यांच्याबद्दल पुढे येतेच.

वाट सुरू होते मोमेला गेटपासून. उंची साधारण १,५०० मीटर, म्हणजे साल्हेरच्या माथ्यावरून निघाल्यासारखंच. इथे नोंद झाली की बंदूकधारी रेंजर सोबत येतो. त्याच्याशिवाय कुणालाही वर सोडत नाहीत. पहिल्या मुक्कामाला, मिरियाकांबा हटला (२,५१४ मीटर), जायच्या दोन वाटा आहेत. उत्तरेची वाट आखूड आणि उभी, तीनेक तासांची. दक्षिणेची लांब, पाच-सहा तासांची, जंगलातून वळसे घेत जाणारी. रेंजर किंवा गाइड आखूड वाट सुचवतील, विशेषतः गेटवर पोहोचायला उशीर झाला असेल तर. तुम्ही आदल्या दिवशीच सांगून ठेवा की चढताना दक्षिणेची वाट हवी, आणि सकाळी लवकर गेटवर हजर राहा. उत्तरेची वाट उतरताना मिळणारच आहे. या एका दिवसात मेरूवर जितकं पाहायला मिळतं, तितकं पुढच्या तीन दिवसांत मिळून मिळत नाही.

गेट सोडल्यावर लगेच गवताळ मोकळी जागा लागते. तिथे केप बफेलो, म्हणजे आफ्रिकेतला रानरेडा, बहुधा असतोच. राधानगरीत गवा पाहिला असेल, तर त्याच्या अंदाजाने याच्याकडे बघू नका. गवा चाहूल लागली की बहुतेक वेळा झाडीत शिरतो. रानरेडा मान वर करून उभा राहतो आणि तुमच्याकडे बघत राहतो. कळपाचं फारसं भय नाही, धोका एकट्या म्हाताऱ्या नराचा. तो कळपापासून सुटलेला असतो, झुडपात बसून असतो, तुम्हाला दिसत नाही. वारा त्याच्याकडून तुमच्याकडे येत असेल तर त्यालाही तुमचा वास लागत नाही. अशा वेळी अचानक समोरासमोर आलात की तो मागे हटत नाही, अंगावर येतो. म्हणून नियम पाळायचे : रेंजरच्या मागे एका रांगेत चालायचं, पुढे धावायचं नाही, फोटोसाठी मागे रेंगाळायचं नाही. त्याने हात वर केला की जागच्या जागी थांबायचं आणि बोलणं बंद. काही झालं तरी पळायचं नाही.

एकदा अशाच सकाळी आमचा रेंजर वाटेत मध्येच थांबला, खाली वाकला आणि शेणाच्या पोहोजवळ हाताची पालथी बाजू धरली. मग उठून काहीही न बोलता आम्हाला वरच्या अंगाने लांब वळसा घालून घेऊन गेला. वळसा संपल्यावर मागे वळून पाहिलं, तर आम्ही जिथून जाणार होतो त्या झुडपातून दोन शिंगं आणि त्यावर बसलेला एक गायबगळा तेवढा दिसत होता. शेण ऊबदार होतं, इतकंच त्याने नंतर सांगितलं. बंदुकीपेक्षा या माणसांचं हे वाचन आपल्याला वाचवतं. त्याला बोलतं करा. पाऊलखुणा, ओरखडे, तोडलेल्या फांद्या यांबद्दल विचारत राहा. विचारणाऱ्या गटाला ही माणसं हात राखून सांगत नाहीत.

मोकळं गवत संपून झाडी सुरू होते त्या काठावर मसाई जिराफ दिसतात. गाडीतून पाहिलेला जिराफ आणि जमिनीवर उभं राहून पाहिलेला जिराफ यांत फार अंतर आहे. पायी असताना तुमची मान दुखते आणि त्याच्या पापण्या दिसतात. पुढे वाट घनदाट जंगलात शिरते : पोडोकार्पस, रानऑलिव्ह, जुनिपर, फांद्यांवरून लोंबणारी दगडफुलासारखी करडी दाढी आणि पायाशी ओलाव्यात फुललेला रानतेरडा. एका ठिकाणी अंजिराच्या कुळातल्या झाडाने मूळ झाडाला वेढून अशी कमान केलीय की तिच्याखालून गाडी जाते. इथून पुढे मान वरच ठेवा, कारण काळा-पांढरा कोलोबस इथलाच.

कोलोबस हा आपल्या वानराच्या, म्हणजे हनुमान लंगूराच्या नात्यातला. दोघंही मुख्यतः पानं खाणारी आणि ती पचवायला दोघांनाही कप्प्याकप्प्यांचं पोट. पण कोलोबसच्या हाताला अंगठा जवळजवळ नसतोच. चार बोटांचा आकडा करून तो फांदी धरतो आणि सोडतो. उडी मारताना पाठीच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारे लांब पांढरे केस हवेत पसरतात आणि शेपटीचा पांढरा झुबका मागे तरंगत येतो. दुर्बीण लावून त्याचे हात बघा, मग मी काय म्हणते ते कळेल. पहाटे मिरियाकांबाला जाग आली तर अंथरुणातूनच ऐका : एक नर घोगऱ्या आवाजात घुमायला लागतो, मग दरीपलीकडची टोळी उत्तर देते, मग तिसरी. जंगलात निळं माकड आहे, शिवाय बुशबक आणि लाल ड्यूकर हे लाजाळू छोटे हरणवर्गीय प्राणीही आहेत. वर शेंड्यांत हार्टलॉबचा तुराको दिसतो. बसलेला असताना हिरवा, उडाला की पंखांत एकदम लालभडक. रुपेरी गालांचा धनेश तर आधी कानाने कळतो, इतका पंखांचा आवाज होतो.

अपेक्षा मात्र नीट ठेवा. इथे सिंह दिसत नाहीत. बिबट्या आहे, पण तो दिसेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हत्तींचे माग आणि लीद जास्त भेटते, हत्ती क्वचित. मोठी मार्जारं बघायची असतील तर सेरेंगेटीला जा. पायी चालत, जनावराच्या पातळीवरून जंगल बघायचं असेल तर इथे या.

आता उंचीबद्दल. तुमच्या टूरवाल्यांशी भांडायचं असेल तर ते याच मुद्द्यावर. पहिली रात्र २,५१४ मीटरवर, दुसरी सॅडल हटला ३,५७० मीटरवर. झोपण्याच्या उंचीत एका दिवसात हजार मीटरहून जास्त उडी. तीन हजारांच्या वर रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढ करू नये, असं पर्वतारोहणाचं वैद्यक सांगतं. म्हणजे इथला चार दिवसांचा नेहमीचा कार्यक्रमही मुळात घाईचाच आहे. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं हे सॅडल हटवर रोज दिसतं, आणि तंदुरुस्त माणसांनाही होतं. दर आठवड्याला सिंहगड पळत चढणाऱ्याला उंचीचा त्रास होणार नाही, असं काही नाही. उलट तोच वेगात जातो आणि आजारी पडतो.

म्हणून माझा सल्ला पाच दिवसांचा. मिरियाकांबाला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी विवराच्या तळाकडे चालत जा. वाट सोपी आहे आणि ती दीड हजार मीटरची भिंत पायथ्यातून बघायला मिळते. बहुतेक गट ती कधीच बघत नाहीत, कारण शिखराच्या रात्री तिच्या माथ्यावरून ते अंधारात चालत असतात. रेंजरची व्यवस्था आणि हटची जागा यासाठी हा जादा दिवस आरक्षणाच्या वेळीच मागावा लागतो. तिथे जाऊन ठरवू म्हटलं तर जमत नाही.

डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का, हे निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन बघा, म्हणजे बोटांना मुंग्या येणं आणि वारंवार लघवीला जाणं हे गोळीमुळे होतंय हे वर गेल्यावर कळेल. आणि चौघांनी आत्ताच एक ठरवून ठेवा : कुणाची चाल अडखळायला लागली, बोलणं असंबद्ध झालं, किंवा बसल्याजागी दम लागायला लागला, तर चर्चा न करता त्याच क्षणी खाली उतरायचं, रात्र असली तरी. सॅडलवरून हजार मीटर खाली मिरियाकांबा आहे आणि वाट पक्की आहे. त्या बाबतीत हा डोंगर दयाळू आहे.

दुसऱ्या टप्प्यात लाकडी पायऱ्या खूप आहेत. दोन चढाव्यात आणि थांबावं, इतकं सावकाश चाला. जंगल विरळ होत जातं आणि माणसाहून उंच हेदरची झुडपं सुरू होतात. मध्यावर ‘म्गोंगो-वा-तेम्बो’ नावाची विसाव्याची जागा आहे, तिथून विवर आणि राखेचा शंकू पूर्ण दिसतो. सॅडल हटवर पांढऱ्या मानेचे डोमकावळे असतात. दाराशी ठेवलेली सॅक ते चेन उघडून तपासतात, तेव्हा खाऊ आत ठेवा. दुपारी अंग बरं असेल तर लिटल मेरूला (३,८२० मीटर) जाऊन या, तासाभराची चढण. वर जाऊन खाली झोपल्याने उंची अंगवळणी पडायला मदत होते, आणि शिखर हुकलं तरी हा माथा तुमच्या नावावर राहतो.

शिखराची रात्र मध्यरात्रीनंतर एक-दोनच्या सुमारास सुरू होते. ऱ्हायनो पॉइंटपर्यंत साधा चढ आहे. त्यापुढे थोडं उतरून कातळाचा एक तिरका भाग लागतो, तिथे साखळी लावलीय. आपल्याकडचे कातळटप्पे केलेल्या माणसाला तो अवघड नाही, पण पहाटेच्या दवाने कातळ गोठलेला असू शकतो. हातमोजे असे हवेत की साखळी पकडता येईल. मग विवराच्या कडेकडेने लांब धार. चढताना दरी डाव्या हाताला राहते. अंधारात ती दिसत नाही आणि बऱ्याच जणांना ते बरंच वाटतं. पायाखाली राखेचा घसारा. एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं, त्यामुळे पुढच्याच्या पावलात पाऊल ठेवत चाला. शेवटचा तास दगडांवरून हात टेकत चढायचा आहे. तारीख निवडायची मुभा असेल तर पौर्णिमेच्या आसपासची घ्या, ती धार चांदण्यात फार सुरेख दिसते.

सूर्य उगवतो तो किलीमांजारोच्या बाजूने, सत्तरेक किलोमीटरवर. त्यासाठी शिखरावरच असायला हवं असं नाही. धारेवर जिथे असाल तिथे थांबा, वारा अडेल अशा दगडाआड बसा आणि बघा. मी गटाला मुद्दाम थांबवते. शिखराला सकाळी आठ वाजता पोहोचलं तरी काही बिघडत नाही, पण ढग दहाच्या सुमारास वर यायला लागतात हे लक्षात ठेवा.

गुडघ्यांची परीक्षा त्यानंतर आहे. शिखरावरून त्याच दिवशी मिरियाकांबाला उतरायचं म्हणजे दोन हजार मीटरहून जास्त उतार. तीन दिवसांच्या कार्यक्रमात थेट गेटपर्यंत उतरवतात, म्हणजे तीन हजार मीटर, रात्रभर जागून. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे करू नये, आणि अठ्ठाविसाव्या वर्षीही करू नये. काठ्या दोन्ही हातांत घ्या, आणि राख बुटात जाऊ नये म्हणून गेटर्स लावा.

खाली आल्यावर लगेच अरुशा शहर गाठू नका, एक दिवस उद्यानाच्या खालच्या भागाला द्या. न्गुरडोटो हे मेरूहून जुनं, विझलेलं विवर, सुमारे तीन किलोमीटर रुंद. आत उतरायला बंदी आहे, काठावरून बघायचं. रेडे आणि रानडुकरं तळाशी ठिपक्यांएवढी दिसतात. मला ही बंदी फार आवडते. माणूस जात नाही अशी एक जागा शिल्लक आहे. मग मोमेला तळी. प्रत्येक तळ्याचा रंग वेगळा, कारण क्षारांचं प्रमाण आणि त्यानुसार वाढणारं शेवाळ वेगळं. ठाणे खाडीत येतो तोच लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, इथे ते सूक्ष्म शेवाळ गाळून खाताना दिसतो. संख्या पाण्यावर अवलंबून, कधी हजारो तर कधी मूठभर. लहान मोमेला तळ्यावर रेंजरसोबत कनूतून, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीतून, फिरता येतं. पाणघोड्यांपासून किती अंतर ठेवायचं हे त्यालाच ठरवू द्या.

पाण्यावरून एक महत्त्वाचं. मेरूचा खडक क्षारयुक्त असल्याने या परिसरातल्या बऱ्याच झऱ्यांत आणि विहिरींत फ्लोराइड खूप जास्त आहे. आसपासच्या गावांत लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात ते त्यामुळेच. आपल्याकडे यवतमाळ-चंद्रपूर भागात हे दुखणं ओळखीचं आहे. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, क्लोरीनच्या गोळीनेही नाही. चार-पाच दिवसांत तुम्हाला काही होणार नाही, तेव्हा डोंगरावर गाइड देईल ते उकळलेलं पाणी भरपूर प्या. शहरात मात्र बाटलीबंद पाणी घ्या.

बाकी किरकोळ. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे किलीमांजारो विमानतळावर उतरता येतं. इथिओपिया आणि केनिया हे दोन्ही देश पीतज्वराच्या यादीत असल्याने लसीचं पिवळं कार्ड जवळ हवंच, नाहीतर परतताना अडचण होते. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यावी लागते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, सामान बांधताना कापडी घ्या. शाकाहारी असाल तर आचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा. राजमा, भात, कोबी, चपाती हे सगळं तिथलं रोजचंच जेवण आहे. हमालाकडे द्यायची बॅग बारा किलोच्या आत ठेवा. टूरवाल्यांना लेखी विचारा की हमालांना मजुरी किती, जेवण किती वेळा, आणि झोपायला कुठे. उत्तर टाळलं तर दुसरे बघा. तुमच्या बॅगेच्या ओझ्याने कुणीतरी रात्री थंडीत उपाशी झोपणार असेल, तर तो डोंगर चढण्यात काही अर्थ नाही.

तुमच्या तारखा योग्य आहेत. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरात छोटा. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्य कोरडं मिळण्याची शक्यता चांगली. क्रम असा ठेवा : मेरूचे पाच दिवस, एक दिवस मोमेला-न्गुरडोटो, एक दिवस पूर्ण विश्रांती आणि कपडे धुणं, मग किलीमांजारो लेमोशो वाटेने. मधली विश्रांती लांबवू नका, कारण उंचीची सवय खाली राहिल्याने हळूहळू उतरत जाते. आणि सुट्टी पुरत नाही म्हणून कुठे कात्री लावायचीच झाली, तर ती किलीमांजारोनंतरच्या झांझिबारला लावा.